पगारेकाकांची चहातपासणी

"भरीत आवडतं का तुम्हाला? वांग्याचं?"

आम्ही नाशिक रोडच्या या सोसायटीत राहायला आलो तो दिवस. जिन्यातून कपाट वर चढवताना त्याचा एक पाय निखळून माझ्या हातात आला होता. आणि समोरच्या दारात उभे असलेले, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले एक उंच गृहस्थ मला हा प्रश्न विचारत होते. मला वाटलं, नवीन शेजारी आहेत, जेवणाचा डबा पाठवणार असतील बिचारे. म्हटलं, "हो, आवडतं की!"

"वांगं भाजताना साल करपते, तो वास? तोही चालतो?"

"चालतो."

"मेथी कडू निघाली तर?"

"तरी खाते. का हो?"

"झोप येते का नीट?"

आता मात्र माझं टाळकं सरकलं. हातात कपाटाचा पाय होताच. पण ते "ठीक आहे, बघतो" म्हणून आत निघून गेले. भरीत काही आलं नाही. संध्याकाळी बशीने झाकलेला एक कप आला. आत तांबूस पाणी आणि वास थेट चुलीचा.

"चिनी चहा आहे," ते म्हणाले. "तिकडे लाकडाच्या धुरावर वाळवतात. दूध नाही, साखर नाही. सकाळच्या शाळेआधी घ्यायचा, झोपताना नाही. तुमच्यासाठी हाच."

मी आलं ठेचून, दाट दूध घालून, तीन उकळ्या आणून चहा पिणारी बाई. त्याशिवाय आठवीच्या वर्गाला तोंड देता येत नाही. मी स्पष्ट सांगितलं, "अहो काका, हा चहा आहे की बंबातलं पाणी?" आणि दुसऱ्या दिवशी मीच त्यांची बेल वाजवून विचारलं, कालचा तो धुराचा थोडा उरलाय का. काय करणार, आवडला होता!

पगारेकाका नोटा छापणाऱ्या सरकारी प्रेसमधून रिटायर झालेले. छापून आलेल्या शीट डोळ्यांखालून घालायच्या, रेघ जाड झाली, शाई पसरली की रिजेक्ट, एवढंच काम त्यांनी तीस वर्षं केलं. "उलटी करून बघितली का?" हे त्यांचं पालुपद तिथलंच. भाजीवाल्याकडे टोमॅटो घेताना तेच, लग्नपत्रिका आली की तेच. आमच्या शाळेत नवीन मुख्याध्यापक आले, माणूस फार सज्जन वाटतो असं मी सांगितलं, तर काका म्हणाले, "समोरून सगळेच बरे दिसतात, मॅडम. उलटी करून बघितली का?" महिन्याभरात मला बघावी लागली, पण ते जाऊ द्या.

चहाचं वेड मात्र प्रेसमधलं नाही. ते काकूंमुळे लागलं.

काकू सटाण्याकडच्या. पाहुण्यांशी आपल्यासारखं बोलतात, पण रागावल्या की अहिराणी सुरू. काकांची सगळी नोकरी शिफ्टमध्ये गेली. ते घरी आले की काकू झोपलेल्या, काकू उठल्या की ते निघालेले. रिटायर झाल्यावर रोज चारला गॅलरीत दोन खुर्च्या टाकायच्या आणि बसून चहा प्यायचा, असं दोघांनी ठरवलं होतं. चार महिने खुर्च्या पडल्याही. मग काकूंच्या पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी दूध बंद केलं, बिनदुधाचा हलका चहा चालेल म्हणाले. काकूंनी एक दिवस कोरा चहा तोंडाला लावला, खाली ठेवला आणि गॅलरीत यायचंच सोडलं. "तुम्ही घ्या. मी काय करू तिथं बसून?" चार वाजले की कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडायच्या.

"तिला आवडेल असा एक चहा सापडला पाहिजे, मॅडम," काका मला म्हणाले होते. "बाकी काही काम नाही मला आता."

काकांचा भाचा अंबडला एका कंपनीत आहे. मशीन बघायला तो चीनला गेला आणि येताना हिरव्या चहाचा डबा घेऊन आला. काकांनी काय करावं? पातेल्यात टाकला, आलं घातलं आणि दहा मिनिटं खळाखळा उकळला. तो काढा सोसायटीत ज्याला ज्याला मिळाला, त्याला काकांचा राग आला. कारल्याचं पाणी बरं! मग भाच्याने फोनवर समजावलं की हा चहा उकळायचा नसतो, उकळलेलं पाणी थोडं निवलं की पत्ती टाकायची. थोडं म्हणजे किती? काकांनी आपलं माप काढलं. गॅस बंद करायचा, हात जोडायचे, त्रिसरण-पंचशील शांतपणे म्हणायचं. म्हणून झालं की पाणी हिरव्या चहाजोगं झालेलं असतं. काळ्या चहाला थांबायचं नाही. तो उकळत्या पाण्यालाच दाद देतो.

मग मुंबईहून कुरिअरने डबे यायला लागले, आणि माणसांवर प्रयोग सुरू झाले. काकांचं म्हणणं असं की कोणता चहा आवडेल ते कोणालाच सांगता येत नाही. पण काय खायला आवडतं ते सगळे सांगतात. भाजलेले शेंगदाणे आवडतात? तुम्हाला अर्धा हिरवा, अर्धा काळा, भाजलेला ऊलाँग. गजरा घातला की डोकं दुखतं? मोगऱ्याच्या चहाच्या वाटेला जाऊ नका. काहीच धड सांगता येत नाही? मग पांढरा, तो कोणाशी भांडत नाही. आवड झाली की गरज. कितीला झोपता, जेवण जड असतं का, चहा रिकाम्या पोटी ढोसता का. दुसऱ्या मजल्यावरचा खैरनार अंबडला कामाला, रोज मेसचं तेलकट जेवण. त्याला जेवणानंतर घ्यायला पुअर नावाचा जुना, मुरवलेला चहा दिला. खैरनारने वास घेतला. "काका, हे तर ओल्या पोत्यावानी लागतंय!" आठ दिवसांनी तोच डबा घेऊन दारात. "लय भारी हाय. अजून द्या."

काकूंची तपासणी मात्र रीतसर. कपाखालच्या बशीत आकड्याची चिठ्ठी, शेजारी वही. काकूंनी प्यायचा आणि निकाल द्यायचा. चहा कॉटवर मिळणार नाही. घरात फोडणीचा वास असतो, निकाल चुकतो, म्हणून गॅलरीतच बसायचं! काकू कुरकुरत आल्या.

एक नंबर. "हाऊ चहा शे का गवत?" रिजेक्ट.

चार नंबर, मोगऱ्याचा. "गजरा उकाळेल शे का?" रिजेक्ट.

शाळेतून आल्यावर वही लिहायला मी बसत असे, कारण काकूंचा निकाल काका मऊ करून लिहितात असा काकूंना संशय. पंधरा झाले, वीस झाले, चाळीस झाले. एकही पास नाही. काकांच्या कपाळावर आठी नाही, मला मात्र त्यांच्यासाठी वाईट वाटायचं. आणि मग एक गोष्ट माझ्या लक्षात आली. पहिले पहिले कप अर्धे राहायचे. आता काकू तोंडाने रिजेक्ट म्हणायच्या, पण कपाचा तळ दिसायचा.

मला राहवलं नाही. दुसऱ्या दिवशी चारच्या आधीच स्वयंपाकघरात जाऊन काकांना धरलं. "काका, कमाल आहे तुमची! जन्म तपासण्यात गेला आणि समोरचा कप दिसत नाही? काकू सगळा पितात. त्यांना आवडलाय!"

काकांनी आधी दार लोटलं. मग ओट्यावरचा एक डबा उघडून माझ्या नाकापुढे धरला. हिरवी, चपटी पत्ती, आणि वास अगदी भाजलेल्या हुरड्याचा.

"सटाण्याची आहे ती. शेतातला हुरडा खाऊन वाढलेली," ते हळू आवाजात म्हणाले. "महिना झाला सापडून. तेव्हापासून रोज हाच देतोय. फक्त आकडा बदलतो."

"अहो, मग सांगून टाका की!"

"सांगितलं की तपासणी संपली, मॅडम. ती म्हणेल, झालं ना मनासारखं? आता कप इथंच आणून द्या कॉटवर." त्यांनी पातेल्यात पाणी ओतून गॅस पेटवला. "तीस वर्षं आम्ही बोललोच नाही हो. आता रोज अर्धा तास ती माझ्या चहाला शिव्या घालते. मग माहेरच्या गोष्टी काढते. विहिरीत पडलेल्या बैलाची गोष्ट परवा पहिल्यांदा ऐकली मी. बायकोची गोष्ट, आणि मला माहीत नाही! लाज वाटली मला."

एवढा मोठा माणूस, आणि बायकोने शेजारी बसावं म्हणून चोरून चिठ्ठ्या बदलतोय. पाणी उकळलं. त्यांनी गॅस बंद केला, हात जोडले, त्रिसरण-पंचशील म्हटलं आणि पत्ती टाकली. बशीत चिठ्ठी ठेवली, एकसष्ट.

काकू गॅलरीत आधीच येऊन बसल्या होत्या. काकांची खुर्चीही त्यांनीच आपल्या जवळ ओढून ठेवली होती. त्यांनी कप हातात घेतला, फुंकर मारून मारून सगळा संपवला.

"लिहा, रिजेक्ट," त्या मला म्हणाल्या. "उद्या दुसरा आणायला सांगा यांना."

आणि रिकामा कप त्यांनी पुन्हा भरायला काकांपुढे धरला.