तीन फुटांचा घाट

आंबेनळीच्या रस्त्यालगत भागोजीने सहा खोल्यांचं विश्रामगृह बांधलं, आणि पावसाला भिऊन जोतं चांगलं तीन फूट उंच घेतलं. तिसऱ्या उन्हाळ्यात मुंबईहून प्रयागबाई नावाच्या निवृत्त मुख्याध्यापिकेचं पत्र आलं. बाई चाकांच्या खुर्चीतून येणार होत्या. पायऱ्यांशेजारी उतार हवा, फूटभर उंचीला बारा फूट लांब. आणि कोणी मला उचललं तर आल्या पावली परत जाईन. मागे एका ठिकाणी चौघांनी त्यांना भाताच्या पोत्यासारखं वर नेलं होतं.

महिपती गवंड्याने मनाशी मापं घेतली. उतार छत्तीस फूट, अंगण जेमतेम सोळा. पण तरुणपणी त्याने वरंध घाटाच्या रस्त्यावर खडी फोडली होती.

"घाटाला तरी सरळ जागा कुठं असते? वळणं घालू," तो म्हणाला. "बाईंना कुणी हात लावणार नाय. लावला, तर मी परत थापी धरणार नाय."

मग तो रंगातच आला. तीन चढ, दोन वळणं, कडेला कठडा, कठड्याला चुना. पायथ्याशी नारळसुद्धा फोडला. पडवीतल्या खाटेवरून भागोजीची आई, ठमाबाई, रोज विचारायची, कुठवर आला रे तुझा घाट? चाकांची खुर्ची महिपतीने जन्मात पाहिली नव्हती. म्हणून रेतीने भरलेली एकचाकी गाडी त्याने वळणावळणांतून फिरवून पाहिली. नव्या नवरीने पदर सावरत वळावं, तशी ती अलगद वळली.

प्रयागबाई आल्या. पहिला चढ स्वतः चाकं फिरवत चढल्या आणि वळणावर अडकल्या. एक चाक जागच्या जागी फिरतं, चार चाकांना ऐसपैस लागतं. कशेडी घाटात ट्रक आडवा व्हावा तशी खुर्ची कठड्यांत रुतली. भागोजी चार गडी बोलवायला निघाला. महिपतीने कमरेची थापी काढून कठड्यावर ठेवली.

"ती का ठेवलीत?" बाई म्हणाल्या. "इथून दरी छान दिसते. मला चहा द्या, आणि तुम्ही कठडा फोडा."

तीन कप चहात पहिलं वळण रुंद झालं, दोन कपांत दुसरं. बाई शेवटचा चढ चढू लागल्या, तोच वरून काठी टेकत कुणी उतरताना दिसलं.

"आये, तू कुठं?" भागोजी ओरडला.

"खालच्या वाडीत, भयनीकडं. तीन वर्सं जायचं म्हनत्येय."

"मग बोलली नायस कधी? मला वाटलं, तुला भायेर जायचा कंटाळा हाय."

"पायऱ्या तूच घातल्यास, तुला काय बोलू?"

ठमाबाई कठड्याला टेकून उभी राहिली. घाटात चढत्या गाडीला पहिली वाट, एवढं तिलाही ठाऊक होतं. खुर्ची वर गेली. महिपतीने थापी हळूच कमरेला खोवली.

भागोजी मात्र वळणावर तसाच खिळलेला.

"तू हो रं बाजूला," आई म्हणाली. "घाटात मधी उभं ऱ्हात नाय."