बंद डबीचा करंट

यंत्र कधी खोटं बोलत नाही, बोलतो तो माणूस, असं वैजनाथचं ठाम मत होतं. सुप्याच्या कारखान्यात बारा वर्षं मशिनी दुरुस्त करून त्याने ते कमावलं होतं. रविवारी सकाळी, चौदाव्या किकनंतर, तो स्वतःच्या मोटरसायकलला "खोटारडी!" म्हणाला.

गाडी मूळची त्याच्या वडिलांची. कारभारीनानांनी तिच्यावरून बावीस वर्षं डेअरीला दूध घातलं. पुढे वैजनाथने ती मागून कापली, पुढून लांबवली, हँडल म्हशीच्या शिंगांएवढं रुंद केलं आणि ठिणगी पाडणारं जुनं प्लॅटिन काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशनची काळी डबी बसवली. नानांनी बाकी सगळं सोसलं, प्लॅटिन काढलेलं मात्र त्यांना सोसवलं नाही.

"प्लॅटिन डोळ्यानं दिसायचं. काचपेपर मारला की गाडी बोलायची. ह्या डबीत आत काय चाललंय, कुनाला म्हाईत?" असं म्हणून ते वर्षभर त्या गाडीवर बसले नव्हते. हातही लावला नव्हता. हिवरे बाजारला बहिणीकडे जायचं तर एसटीने.

महिनाभर विनवल्यावर नाना आजच्यापुरते तयार झाले होते. धुतलेलं धोतर नेसून ओट्यावर बसले होते. एसटी दहाला फाट्यावर यायची.

"दोन मिनिटं, नाना."

"मी काय म्हनलो का?" नाना म्हणाले आणि त्यांनी सूर्याकडे बघितलं.

वैजनाथने प्लग काढून इंजिनाला टेकवला आणि किक मारली. ठिणगी नाही. नवा प्लग लावला. नाही. कॉइल बदलली. नाही. मग गल्लीतला मेकॅनिक गोरक्ष न बोलावता आला.

"डबी गेली, वैजूभाऊ. पैज लावतो."

त्याने स्वतःच्या गाडीची डबी काढून हिला बसवली. गाडी ढिम्म. गोरक्षचा चेहरा उतरला. "माझी पन खाल्ली का काय हिनं?" घाईघाईने त्याने डबी परत आपल्या गाडीला लावली. ती पहिल्या किकला सुरू झाली.

"म्हंजे डबी चांगली हाय," गोरक्ष म्हणाला. "तुमची गाडीच नाराज हाय."

टाकी उतरली, सीट उतरली. वैजनाथने मीटर लावून एकेक भाग सुटा तपासला. प्रत्येक भाग उत्तम होता. मीटरच्या मते गाडी चालू होती.

"साडेनऊ झालं असत्याल," ओट्यावरून आवाज आला.

तेवढ्यात वैजनाथची आई, कडूबाई, लिंबू-मिरची घेऊन आली. "नजर लागलीया. एवढं मोठं हँडल केल्यावर लागनारच."

"अगं आई, कालच्या शनिवारची आहे की बांधलेली!"

"ती पुरली न्हाई." तिने हँडलखालची कालची लिंबू-मिरची ओढून सोडवली आणि नवी दोऱ्याने बांधली. "आता हान."

आईचा मान राखायचा म्हणून वैजनाथने टाकी-सीट चढवून किक मारली. गाडी गल्लीभर गरजली.

"बघ!" कडूबाई म्हणाली आणि भाकरी करायला आत गेली. गोरक्षने लिंबाला नमस्कार केला.

वैजनाथ खाली वाकला. हँडलखाली एक उघडी तांब्याची वायर लोंबत होती. गाडी बंद करायच्या बटणाची. ती लोखंडाला टेकली की ठिणगी मेलीच. बटण अजून आलं नव्हतं, म्हणून त्याने टोकाला चिकटपट्टी गुंडाळून ती मोकळी सोडली होती. आता चिकटपट्टी गायब होती आणि तांब्याला मिरचीचं देठ अडकलं होतं.

तो ओट्यापाशी गेला. हळूच म्हणाला, "नाना, काल लिंबू-मिरची कुणी बांधली?"

नाना तंबाखू मळू लागले. "मोकळी वायर व्हती. उगं वाया कशाला घालवायची? टोक सोललं, मिरच्या ववल्या, दिव्याच्या बोल्टाला आवळून टाकली."

"पण तुम्ही तर गाडीला हात लावत नाही!"

"गाडीला कुठं लावला? लिंबाला लावला." मग मळता हात थांबला. "हायवेनं जातोस रोज त्या डबीवर."

आत काय चाललंय ते बाहेरून दिसत नाही, हे नानांचं म्हणणं वैजनाथला पहिल्यांदाच पटलं.

"वैजूभाऊ," गोरक्ष ओरडला, "काय सापडलं वो?"

नानांनी मान खाली घातली. बारा वर्षांचा अनुभव असलेल्या वैजनाथने वायरला चिकटपट्टी गुंडाळली.

"नजर," तो म्हणाला.

नाना उठले, धोतर सावरलं आणि मागे बसले. थेट हिवरे बाजारपर्यंत गाडी एकदाही बंद पडली नाही. आत्याच्या अंगणात उतरल्यावर नानांनी हँडलखाली वाकून बघितलं. नवं लिंबू सुप्याच्या पहिल्याच गतिरोधकावर पडलं होतं.