इनासकाकांचा पोयितो

डिसेंबर २००२, रविवार. काम : गाद्या उन्हात टाकणे.

मागच्या दारच्या कुंपणावर पहिली गादी पसरली आणि पलीकडून आवाज आला, "पोयितो!" कोंबड्या फडफडत केळीत पळाल्या. मग जरा खालच्या पट्टीत, "पोयितो." मागे रेंगाळलेल्या दोघी होत्या, त्याही गेल्या.

"नापास," इनासकाका स्वतःलाच म्हणाले.

आमचे हे शेजारी कोंबड्यांशी स्पॅनिश बोलतात. येतो एकच शब्द, पण दिवसभर बोलतात.

वसईजवळ गासला तळमजल्याचा फ्लॅट घेतला तेव्हा दलालाने हवा, पाणी, शाळा सगळं सांगितलं होतं. इनासकाकांचा आवाज तेवढा सांगितला नव्हता. वाडीत पंपाचं इंजिन धडधडत असताना पार दुसऱ्या टोकाच्या माणसाशी बोलण्यात त्यांचा जन्म गेला. फेस्ताला, म्हणजे वार्षिक जत्रेला, चर्चसमोर केळीचे घड, भोपळे, कोंबडे यांचा लिलाव होतो, तो पुकारण्याचा मानही त्यांचाच. माईक दिला तर बाजूला ठेवतात. "आवाज हाय तवर मानूस हाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. काकी गेल्यापासून घरात ऐकायला कोणी उरलं नाही. आवाज मात्र तेवढाच आहे.

एकुलती एक मुलगी फिलू नर्स आहे. लग्न करून स्पेनला राहते. तिचा फोन दर रविवारी दुपारी आमच्याकडे येतो. काका घरी फोन घेत नाहीत. "मना कशाला फोन? मी वाडीतनं बोललो तरी तिला आयकू जाईल." फिलूची मुलगी लुसिया चार वर्षांची. तिला स्पॅनिशशिवाय काही येत नाही आणि काकांनी तिला अजून पाहिलेलं नाही.

दिवाळीच्या सुमारास फिलूने पहिल्यांदा तिच्या हातात फोन दिला. काकांनी छाती भरून श्वास घेतला आणि लिलावातल्या कोंबड्यासारखं तिचं नाव पुकारलं. पोरीने फोन टाकला. तिचं रडणं मला स्वयंपाकघरात ऐकू आलं. त्यानंतर ती फोनजवळ येईना.

शेवटी फिलूनेच उपाय सांगितला. "बाबा, तिला पोयितो म्हणा. म्हणजे कोंबडीचं पिल्लू. इकडे लहान पोरांना लाडानं म्हणतात. पण हळू म्हणायचं. लिलाव नको."

शब्द काकांना मिनिटात पाठ झाला. 'हळू' मात्र महिना झाला तरी येत नव्हतं. म्हणून ही परीक्षा. कोंबडी पळाली की नापास.

"नाताळला येनार ती," कुंपणाला टेकून ते म्हणाले. "आनि मना बघून आयशीच्या मागं लपली तं? मी काय करू, बाय?"

एवढ्यात त्यांना काहीतरी आठवलं. "पन ती पांढरी पास करते. काल कानाशी जाऊन बोललो, हलली नाय!"

"काका, ती खुडूक आहे. अंड्यांवर बसलीय. तिच्या कानाशी बँड वाजवला तरी उठायची नाही."

"ते मना शिकवू नको. शनवारपर्यंत पिल्लं काढल ती. पन मान पन नाय फिरवली, बाय! मान पन नाय!"

दुपारी फोन आला. काका नेहमीसारखे उभे राहून बोलत होते. फिलूला रजा मिळाली नव्हती. नाताळला येणं जमणार नव्हतं, पुढच्या वर्षी बघू म्हणाली.

"बरं," काका म्हणाले. त्यांचा इतका लहान आवाज मी कधी ऐकला नव्हता. "तिला दे ना जरा," ते म्हणाले.

बराच वेळ तिकडे कुजबुज चालली होती. मग काकांनी डोळे मिटले, रिसीव्हरभोवती हाताचा आडोसा केला आणि म्हणाले, "पोयितो."

मी शेजारी उभी होते, तरी मला जेमतेम ऐकू आलं.

रडणं नाही. मग एक बारीक आवाज काहीतरी विचारू लागला. पाठोपाठ फिलू हसली. "बाबा, ती विचारते, तुमच्याकडे खरी पिल्लं आहेत का? आवाज ऐकवा म्हणते."

काकांनी माझ्या स्वच्छ पुसलेल्या लादीकडे असं पाहिलं, जणू एखादी कोंबडी मी मुद्दाम लपवून ठेवली असावी. "रविवारी," ते घाईने म्हणाले. "तिला सांग, रविवारी." तेवढ्यात लाईन कटली.

रिसीव्हर त्यांनी दोन्ही हातांनी खाली ठेवला. दारात चपला शोधताना म्हणाले, "रडली नाय, बाय."

संध्याकाळी गाद्या आत घेतल्या तेव्हा कुंपणापलीकडे काका खुराड्यासमोर उकिडवे बसले होते. कोंबड्या अवतीभवती टिपत होत्या. एकही पळत नव्हती, कारण काका काही बोलतच नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टेशनजवळच्या दुकानात जाऊन टेलिफोनची वायर मागितली.

"किती लांब पाहिजे?" दुकानदाराने विचारलं.

"खुराड्यापर्यंत," मी म्हणाले.