जावईबापू कामी येतात

मधाच्या बाटलीचं झाकण उघडेना. जावईबापूंनी ते आधी नुसत्या हाताने फिरवलं, मग फडक्याने धरून फिरवलं, मग दाराच्या फटीत अडकवलं आणि स्वतःच बाटलीभोवती फिरले. शेवटी सोफ्यावरून सासरे उठले. त्यांनी बाटली उलटी केली, बुडावर एक थाप मारली आणि झाकण काढून टेबलावर ठेवलं. वर काही बोलले नाहीत. बोलले असते तर जावईबापूंना एकवेळ चाललं असतं.

सासरे शाळेत कवायत शिकवून निवृत्त झाले होते आणि लेकीकडे राहायला आले होते. ते आल्यापासून अख्खी इमारत या गृहस्थांना जावईबापू म्हणू लागली. म्हणजे दारावर पाटी स्वतःची, हप्ते स्वतःचे आणि घरात नातं मात्र जावयाचं! सासऱ्यांच्या गळ्यात अजून शिट्टी असे आणि जगातल्या सगळ्या वस्तू त्यांनी दोनच ढिगांत वाटल्या होत्या, कामाच्या आणि निकामी. "हे स्टूल निकामी आहे," ते म्हणत. "हा पंखा निकामी आहे." एवढं म्हणून त्यांची नजर सावकाश जावईबापूंवर येऊन थांबे. या माणसाच्या तोंडून आपण कामाचे आहोत एवढं एकदा ऐकायला मिळावं, याहून जास्त जावईबापूंना आयुष्याकडून काही नको होतं.

"अहो, तुम्ही रविवारी कुठेतरी जात जा बरं," बायको म्हणाली. "तुम्ही दोघं घरात असलात की मला पंच म्हणून उभं राहावं लागतं. माझे ते दातांचे डॉक्टर आहेत ना, ते रविवारी लढाया करतात."

"कोणाशी?"

"खोट्या खोट्या हो! जुन्या लढाया पुन्हा लढतात. चिलखत, तलवारी, सगळं असतं. माझ्या तोंडात यंत्र घालून सांगत होते, त्यामुळे मला नाही म्हणता आलं नाही. तुमचं नाव दिलंय."

रविवारी जावईबापू मैदानावर गेले. दातांचे डॉक्टर तिथे सेनापती होते. पण आवाज दवाखान्यातलाच, मऊ आणि धीर देणारा.

"एरवी काय करता आपण?"

"पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतो."

सेनापतींचे डोळे चमकले. पुढच्या महिन्यात किल्ल्याची लढाई होती आणि मंडळाकडे किल्ला सोडून सगळं होतं. "खोकी मिळतील?"

"रद्द माल पडून आहे. मालक देतील, पण धड परत करावी लागतील."

"मग तर प्रश्नच मिटला! तुम्ही तटापुढे, अगदी मधोमध. पहिल्याच हल्ल्यात तुम्ही कामी येणार."

"मी?" जावईबापूंचा विश्वास बसेना. "पहिल्याच?"

"सुरुवातच तुमच्यापासून. बाकीचे मग एकामागून एक कामी येतील. घाबरू नका, अजिबात दुखत नाही."

दुखायचा काय संबंध, हे जावईबापूंना कळलं नाही, पण त्यांनी लगेच होकार दिला. शाळेत त्यांचा इतिहासाचा तास जेवणाच्या सुट्टीनंतर असे आणि सगळा इतिहास त्यांनी बाकावर डोकं ठेवून पार पाडला होता. खोकी आपण द्यायची, तटापुढे आपण उभं राहायचं, तेव्हा कामी आपणच येणार, हा त्यांचा सरळ हिशेब होता.

घरी येऊन त्यांनी बायकोकडे बघत, पण सोफ्यापर्यंत पोचेल अशा आवाजात जाहीर केलं, "मी कामी येणार आहे. पहिल्याच हल्ल्यात."

"अगं बाई! नव्या माणसाला लगेच?"

सासऱ्यांनी वर्तमानपत्र खाली केलं. "कोण म्हणालं?"

"खुद्द सेनापती."

"हे बघायला यायला हवं," सासरे म्हणाले आणि त्यांनी वर्तमानपत्र पुन्हा वर केलं. जावईबापूंना त्या रात्री झोप लागली नाही.

सरावाला मात्र त्यांचं डोकं चक्रावून जाई. जो तो धडाधड जमिनीवर पडत होता, कण्हत होता आणि उठून पुन्हा पडत होता. एवढी धडपडणारी माणसं लढणार तरी कशी, याची जावईबापूंना काळजी वाटू लागली. शत्रूपक्षात एक औषधांचा दुकानदार होता, फार सज्जन माणूस. जावईबापूंवर पहिला वार त्याचाच होता. तो जवळ येऊन अदबीने विचारू लागला, "तुमचं कामी यायचं कसं ठरलंय? पाठीवर की पालथे?"

जावईबापू गोंधळले. "जमेल तसं."

"आणि डोळे? मिटून की उघडे?"

"उघडेच. नाहीतर काम कसं व्हायचं?"

"कमाल आहे तुमची!" दुकानदार म्हणाला. "मला उघडे ठेवून नाही जमत. माशी बसते."

माशीचं काय ते जावईबापूंनी विचारलं नाही. नवीन माणसाने फार विचारू नये, असं त्यांना वाटलं.

लढाईचा रविवार आला. खोक्यांचा तट समोरून रंगवून अगदी दगडी दिसत होता. मागच्या बाजूने मात्र त्यावर जागोजागी 'नाजूक माल, सांभाळून ठेवा' असं छापलेलं होतं आणि 'ही बाजू वर' दाखवणारे बाण होते, त्यातले निम्मे जमिनीकडे. जावईबापूंना जे शिरस्त्राण मिळालं ते कानांखाली उतरत होतं. त्यामुळे हा किल्ला शेवटी पडतो, ही ध्वनिक्षेपकावरून सांगितलेली हकिगत सगळ्या मैदानाने ऐकली, फक्त त्यांनी नाही. पहिल्या रांगेत बायको होती आणि शेजारी ताठ बसलेले सासरे.

शत्रू धावून आला. औषधवाल्याने ठरल्याप्रमाणे लाकडी तलवार जावईबापूंच्या बगलेत खुपसली. जावईबापूंनी ती हिसकून बाजूला केली.

"अहो, लागली तुम्हाला!" औषधवाला शिरस्त्राणाला तोंड लावून कुजबुजला.

"छे, कुठे?" जावईबापू ओरडले आणि त्यांनी त्याच्या ढालीवर असा दणका दिला की तो दोन पावलं मागे गेला. त्याने पुन्हा वार केला, जावईबापूंनी पुन्हा परतवला. औषधवाल्याने मदतीसाठी इकडेतिकडे पाहिलं. कोणीतरी मरायला तर हवं होतं! शेवटी माणूस भिडस्त पडला, त्याने एकदा "हाय" म्हटलं आणि स्वतःच मेला.

आता खरा घोळ सुरू झाला. किल्ल्यातल्या प्रत्येकाचा मरायचा क्रम ठरलेला होता आणि पहिला नंबर जावईबापूंचा. ते पडत नाहीत तोवर मागच्यांना पडता येईना. ते बिचारे तलवारी टेकून वाट बघत उभे राहिले. समोरून येणारे शत्रू मात्र कोणी जुमानत नाही असं पाहून एकेक करून मरू लागले. "आणि अखेर किल्ला पडला," असं ध्वनिक्षेपकावरचा माणूस वाचून मोकळा झाला होता. त्याने मान वर केली आणि सावरून घेत म्हणाला, "म्हणजे पडतोय... पडेलच."

"जावईबापू, कामी या!" दरवाजाकडून सेनापती ओरडले. शिरस्त्राणातून 'कामी या' एवढे दोनच शब्द आत पोचले.

"येतोय!" जावईबापूंनी आणखी एकाला पिटाळलं.

"अहो, कामी या! लवकर कामी या!" तोंड न उघडणाऱ्या रोग्यापुढे होत असेल तसा सेनापतींचा आवाज रडवेला झाला होता.

याहून किती कामी यायचं, हे जावईबापूंना कळेना. तरी त्यांनी दोन्ही हातांनी तलवार धरली. तेवढ्यात समोर सासरे उठून उभे राहिले. त्यांनी शिट्टी तोंडात घातली आणि जोरात फुंकली. ती शाबासकीच आहे, असं जावईबापूंना वाटलं. इतका आनंद त्यांना लग्नातही झाला नव्हता.

त्यांच्या पायाशी पडलेल्या औषधवाल्याने एक डोळा उघडला आणि तो ओरडला. "अहो, कामी या म्हणजे मरा! मी केव्हाचा मेलोय, पाठीला खडे टोचतायत. मरा ना हो आता!"

जावईबापूंची तलवार खाली आली. म्हणजे महिनाभर सगळे आपल्याला मर मर म्हणत होते आणि आपण ते घरी जाऊन अभिमानाने सांगितलं! त्यांना फार वाईट वाटलं. समोर सासरे अजून उभेच होते आणि त्यांच्यादेखत आता मरायचं होतं. पण हुज्जत घालण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी छातीवर हात ठेवला, हळूच "आई गं" म्हटलं आणि ते मागे रेलले.

मागे तट होता आणि तट रद्द मालाचा होता. कोपऱ्यातलं एक खोकं चेपलं, त्यावरची चार घसरली आणि बघता बघता सगळा किल्ला सेनापतींवर, मरायला ताटकळलेल्या सैन्यावर आणि उरल्यासुरल्या शत्रूवर कोसळला.

"आणि अखेर किल्ला पडला!" ध्वनिक्षेपकावरचा माणूस आनंदाने किंचाळला. टाळ्या थांबेनात. ढिगाऱ्यातून जावईबापूंना बाहेर काढलं ते सासऱ्यांनी. "लागलं का कुठे?" असं त्यांनी विचारलं. हे आजवर कधी घडलं नव्हतं.

घरी येताना मात्र जावईबापूंचा चेहरा उतरला. एकही खोकं धड राहिलं नव्हतं. उद्या मालकांना काय सांगायचं?

"मी बोलतो," सासरे म्हणाले. घरी पोचताच त्यांनी जावईबापूंच्या मोबाइलवरून मालकांना फोन लावला आणि कवायतीचे हुकूम सोडावेत तसे बोलले. "हॅलो. मी सासरा. आज लढाईत आमचे जावई कामी आले. होय, सगळ्यांच्या देखत. नाही, त्रास काही झाला नाही. तुमची खोकीही गेली. ठेवतो."

"काय म्हणाले?" बायकोने विचारलं.

"शब्द फुटेना त्यांना. भला माणूस आहे."

जावईबापू खांद्याला मलम चोळत ऐकत होते. आमचे जावई कामी आले! सासऱ्यांनी ते कुठल्या अर्थाने म्हटलं, हे विचारायचा त्यांना धीर झाला नाही.

सोमवारी अंग ठणकत होतं, त्यामुळे कारखान्यात पोचायला उशीर झाला. आत यंत्रं बंद होती. सगळे कामगार अंगणात गोळा झाले होते आणि पुढे एका खोक्यावर जावईबापूंचा ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून ठेवला होता. जावईबापू काही न समजून मागच्या रांगेत जाऊन उभे राहिले. मालक रुमालाने डोळे पुसत बोलत होते.

"काय सांगू तुम्हाला! सकाळपासून चिकटपट्टी सापडत नाहीये. कुठे काय ठेवलंय ते त्या एका माणसाला माहीत. आपण कधी बोलून दाखवलं नाही, पण इतका कामाचा माणूस या कारखान्यात दुसरा नव्हता."

चिकटपट्टी डावीकडच्या फळीवर, सुतळीच्या मागे होती. तेवढं सांगायला जावईबापूंनी तोंड उघडलं.

"आता आपण दोन मिनिटं शांत उभे राहू," मालक म्हणाले.

जावईबापूंनी तोंड मिटलं आणि सगळ्यांबरोबर मान खाली घातली.