विचाराधीन

आमच्या कार्यालयातल्या आवक-जावक विभागाच्या बाईंचं लग्न बरीच वर्षं विचाराधीन आहे. विचार करणारे गृहस्थ देखणे आहेत. लग्नाचा विषय निघाला की ते एकच शब्द बोलतात, "बघू." आम्ही त्यांना बघूराव म्हणतो.

या प्रेमात जावक भरपूर, आवक नावापुरती. बाई सकाळ-संध्याकाळ निरोप धाडतात; आठवड्याने उत्तर येतं, "हं." त्या 'हं'च्या आनंदात बाई अख्ख्या विभागाला चहा पाजतात.

अशात कार्यालयासमोर चष्म्यांचं दुकान असलेल्या चष्मेवाल्याने बाईंना सरळ मागणी घातली. पाचला येतो म्हणाला की पाचला हजर! बाई हादरल्याच.

"अगं, काहीतरी गडबड आहे," त्या मला म्हणाल्या. "फोन केला की लगेच उचलतो. रिकामटेकडा असणार."

"अहो बाई, चांगला आहे म्हणून उचलतो!"

"चांगल्या माणसाला वेळ असतो होय?"

आमच्याकडे जो साहेब लगेच भेटतो त्याला कोण विचारतं? हेलपाटे घालायला लावतो तो मोठा. एखाद्याचं काम पहिल्याच फेरीत झालं, तर तो शिक्का खरा आहे ना म्हणून परत विचारायला येतो.

बाईंची आई रडकुंडीला आली. "अगं, तो 'बघू बघू' करणारा तुला रडवतो गं! वय का थांबणार आहे?"

"रडवायला तरी वेळ काढतो ना, आई!"

शेवटी बाईंनी बघूरावांना निर्वाणीचं विचारलं. ते म्हणाले, "नक्की बघू." 'नक्की' हा शब्द नवीन होता. बाईंनी सगळ्या टेबलांवर मिठाई वाटली आणि चष्मेवाल्याला नकार कळवला. फार वाईट वाटू नये म्हणून जाता जाता एवढंच म्हणाल्या, "पुढचं पुढे बघू."

मला त्या माणसाची खरंच कीव आली. माझ्या मावसबहिणीला मी त्याच्याबद्दल विचारलं, ती आनंदाने तयार झाली. धावतच दुकान गाठलं आणि त्याला सांगितलं.

"लगेच हो म्हणाली?" त्याने हातातला चष्मा खाली ठेवला. "काहीतरी गडबड आहे. आणि बाई 'बघू' म्हणाल्यात ना! थांबतो मी."

हसताय? हसा. पण वाचता वाचता मघापासून फोन उचलून बघताय, तो कुणाच्या 'हं'साठी? आणि ते दुसरं माणूस, तुम्हाला लगेच उत्तर देणारं, त्याला काय कळवलंत?

बघू म्हणालात ना?