दात येणारा कॅडी

परीक्षेच्या दिवशी सकाळीच शेजारच्या जेनेटबाईंचा पाय मुरगळला आणि रोना किनिअर अडचणीत आली. आता तिच्या रांगत्या रोरीला सांभाळणार कोण? नवरा मासेमारीच्या बोटीवर. शनिवारी महिलांच्या अंतिम सामन्यात पंच म्हणून उभं राहायचं, तर आज गोल्फ क्लबच्या कॅप्टन गेडिस यांच्या तोंडी परीक्षेत पास व्हायलाच हवं होतं. रोरीला मांडीवर घेऊन तिने नियमांचं पुस्तक पाठ केलं होतं. एक पान मात्र त्याने बघता बघता गिळलं, आणि त्यावर नेमकं काय होतं या विचाराने तिला झोप लागली नव्हती.

शेवटी पोराला बाबागाडीत घालून ती समुद्राकाठच्या मैदानावर पोचली.

"हे काय आणलंस, पोरी?" कॅप्टनच्या पांढऱ्या भुवया वर गेल्या.

"मुलगा आहे माझा. अगदी गप्प बसतो."

रोरीने तत्काळ भोकाड पसरलं. दात येत होते बिचाऱ्याला.

कॅप्टनचा आज मेव्हण्याशी, विली बेथूनशी सामना होता. हरणाऱ्याला रविवारी एका टेबलावर जेवताना वर्षभर टोमणे खावे लागत. त्यामुळे दोघेही दात-ओठ खाऊन खेळत होते, आणि मधल्या चालण्यात परीक्षा चालली होती.

"चेंडू सशाच्या बिळात गेला तर?"

"काढून बाहेर टाकायचा, होलच्या जवळ न आणता. शिक्षा नाही."

"समुद्रपक्ष्याने पळवला?"

"मूळ जागी दुसरा ठेवायचा. शिक्षा नाही."

"हं," कॅप्टन म्हणाले. त्यांचं 'हं' म्हणजे शाबासकी की आणखी काही, हे कुणालाच कळत नसे.

तेवढ्यात कॅप्टनच्या ऐन फटक्याला रोरी किंचाळला. चेंडू काटेरी झुडपात गेला. विलीने तोंड फिरवून हसू दाबलं.

"अरे, घे बाबा, हे चघळ!" कॅप्टननी होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर वापरायची आपली काठी, रबरी मुठीची पटर, त्याच्या हातात दिली. रोरी तृप्त झाला. मग हिरवळ आली की पटर काढून घ्यायची, खेळून झालं की परत द्यायची, असंच चाललं.

शेवटच्या होलला दोघे बरोबरीत. कॅप्टनचा चेंडू हिरवळीच्या अगदी बाहेर थांबला होता. रोरी चुळबुळ करतोय म्हणून रोनाने त्याला गवतावर बसवलं आणि टोपडं शोधायला ती वळली.

रोरी पटर ओढत रांगत गेला. चेंडूकडे बघून हसला. चेंडू उचलला आणि तोंडात घालायला लागला.

"अगं बाई!" रोनाने चेंडू हिसकावला.

मग कॅप्टन सावकाश म्हणाले, "हा शेवटचा प्रश्न समज. निवाडा दे. ते पोर म्हणजे समुद्रपक्ष्यासारखंच, हो ना?"

हो म्हटलं की सुटली. शनिवार तिचा. रोनाने चेंडू त्यांच्या हातात दिला.

"नाही, कॅप्टन. खेळाडूच्या काठ्या वाहून नेतो तो कॅडी. तुम्ही त्याला पटर दिलीत, आणि तो ती इथवर घेऊन आला. कॅडीने चेंडू उचलला. एक फटका शिक्षा."

"गाडी तू ढकलत होतीस! मग कॅडी तू!"

"मग दोन कॅडी झाले, दाजी," विली गोड आवाजात म्हणाला. "त्याची शिक्षा याहून मोठी. सांगू?"

कॅप्टन लालबुंद झाले. चेंडू लाळेसकट मूळ जागी ठेवून ते खेळले, आणि त्या एका फटक्याने हरले.

"रविवारी मटण आहे, दाजी. लवकर या," म्हणत विली शीळ घालत निघून गेला.

रोना खाली मान घालून पोराचं टोपडं बांधत राहिली. समोर एक हात आला. हातात पंचाचा बिल्ला होता.

"शनिवारी उशीर करू नकोस."

"पण रोरीला..." तिने बिल्ला मुठीत धरला. "जेनेटबाईंचा पाय..."

"शनिवारी माझा विलीशी परतफेडीचा सामना आहे. मला कॅडी लागेल."

"त्याला अजून चालता येत नाही हो!"

कॅप्टननी रोरीला कडेवर घेतलं. रोरीने त्यांची मिशी धरली. "खेळाडूने कॅडीला उचलून नेऊ नये, असं पुस्तकात कुठं आहे?"

रोनाने बिल्ला छातीवर लावला.

"ते पान त्यानेच खाल्लंय, कॅप्टन."