भाग जात नाही!

कल्याणच्या खाडीपासून ठाण्याच्या खाडीपर्यंत गणितात मला हरवणारा माणूस जन्माला आलेला नाही, असं १९५२ सालापर्यंत माझं ठाम मत होतं! ठाण्याच्या कोर्टात कारकून असलो तरी जीव आकड्यांतच. त्यामुळे हरिहरमामांबरोबर कल्याणला त्र्यंबकरावांची मुलगी बघायला गेलो, तेव्हा मी आधीच ठरवलेलं, हिला आपल्या लाडक्या संख्येनंच गार करायचं!

उत्तरा समोर येऊन बसली. मी खाकरलो.

"बारा लाख चौतीस हजार पाचशे सदुसष्ट! एकापासून सातापर्यंत आकडे ओळीनं मांडा, झाली संख्या! पण हट्टी. शंभरापर्यंत सगळ्यांनी भागून पाहिलंय मी. मूळ संख्या आहे!"

उत्तरा उठून आत निघून गेली.

"लाजली," मामा पोहे खाता खाता कुजबुजले.

त्र्यंबकरावांनी माझ्यापुढे पोह्यांची बशी सरकवली. मी आवाज चढवला, "लिहून देतो! भाग जात नाही म्हणजे नाही! ब्रह्मदेव आला तरी!"

धाडकन मधलं दार उघडलं आणि ब्रह्मदेवाऐवजी त्र्यंबकरावांचे धाकटे भाऊ प्रभाकरपंत आले. अर्ध्या तोंडाला दाढीचा साबण! घराच्या वाटणीवरून दोघा भावांचं वर्षभर बोलणं बंद होतं, हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं.

"कोण म्हणतो भाग जात नाही?"

"मी!" मी छाती काढून म्हणालो. "एक आणि ती स्वतः, बस्स! तिसऱ्या कोणाला तिथे थाराच नाही!"

"एक म्हणजे दादा, ती म्हणजे वहिनी! आणि मी काय रस्त्यावर? दादा, माझा हिस्सा गिळायला कोर्टातला जावई आणतोस?"

"अरे, मी याला धड ओळखतसुद्धा नाही!" त्र्यंबकराव ओरडले.

तेवढ्यात उत्तरा पाटी घेऊन बाहेर आली.

"काका, थांबा. भाग जातो."

"शाब्बास पोरी!"

"जातो?" मी किंचाळलो.

"एकशे सत्तावीसने. बाकी शून्य."

माझा चेहरा पांढराफटक पडला. पण दोघा भावांचे त्याहून पांढरे! प्रभाकरपंतांचा तर साबण कुठे संपतो तेच कळेना!

"दादा, एकशे सत्तावीस वाटेकरी? कुठून आले रे एवढे?"

त्र्यंबकरावांनी भावाचा हात घट्ट धरला. "प्रभाकर... आपले आबा पेणला फार जायचे रे!"

"म्हणजे हा वारस शोधत आलाय!"

"अहो, मी फक्त संख्येबद्दल..."

कोण ऐकतो! एका दंडाला थोरला, दुसऱ्याला धाकटा. वर्षभर तोंड न बघणारे भाऊ मला उचलताना काय एकजीव झाले होते! मी रस्त्यावर, पाठोपाठ माझ्या चपला, त्यामागून बशीसकट मामा.

इतक्यात वरची खिडकी उघडली. उत्तरा!

"अहो, ऐका ना!"

काळजात लक्कन हललं. पोरीला पटलो होतो तर! मी केस सारखे करून मान वर केली.

"नऊ हजार सातशे एकवीसनेसुद्धा जातो!"